सात किलोंची अमानत



कुत्र्याला वाहनात बरोबर घेऊ द्यायचं की नाही, यावरून झालेला सगळ्यात जुना वाद बहुधा आपल्याच देशातला असेल. महाभारत संपत येतं तेव्हा महाप्रस्थानिक पर्व लागतं. द्रौपदी वाटेत पडली, एकेक करून चारही भाऊ पडले. उरला युधिष्ठिर, आणि हस्तिनापुरापासून मागे मागे चालत आलेलं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, बसा. धर्मराज म्हणतो, हेही बसेल. इंद्र म्हणतो, याला जागा नाही. त्यावर धर्मराज सांगतो की मग मलाही यायचं नाही.

शाळेत गुरुजींनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला तिचं फारसं काही वाटलं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी मुंबईच्या विमानतळावर मी एका हातात जाळीची पिशवी आणि दुसऱ्या हातात कागदांची फाईल घेऊन काउंटरसमोर उभा राहिलो, तेव्हा धर्मराजाची अडचण समजली. फरक इतकाच की त्याला वजनाची अट नव्हती.

मी राहतो ठाण्याला, बाळकुमात. आमच्या लहानपणी ठाणेकर बाळकुमला 'गाव' म्हणायचे आणि ते गावच होतं. आगरी-कोळी वस्ती, भाताची शेतं, पलीकडे खाडी आणि कोलशेतच्या बाजूला कारखाने. आता कापूरबावडीपासून नाक्यापर्यंत मेट्रोचे खांब उभे आहेत आणि जिकडे बघावं तिकडे उंच उंच इमारती. आमची बैठी चाळही अशाच एका इमारतीत जिरली. चाळीत जे शेजारी होते तेच चौथ्या मजल्यावर समोरासमोर आले. आमच्या दारासमोर अण्णांचं दार.

अण्णा कारखान्यात होते, निवृत्त झाले आणि नंतरची सगळी वर्षं त्यांनी दोन कामांत घालवली. एक, नाक्यावर सकाळ-संध्याकाळ चहाला जाणं. दोन, माझ्या कवितांची शुद्धलेखनाची तपासणी. मी बी. ए. मराठी घेऊन केलं असलं तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत अण्णांचा माझ्यावर विश्वास नव्हता. "कवी, तुझी वेलांटी कायम उलट्या दिशेला पडते," असं ते म्हणायचे. माझ्या तिन्ही संग्रहांची मुद्रितं त्यांच्या हातून गेली आहेत.

या अण्णांकडे बुंदी होती. बुंदी म्हणजे पांढरी, झुपकेदार शेपटीची, आपण सरसकट जिला पॉमेरेनियन म्हणतो तसली. जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की आपल्याकडची ही कुत्री बहुतेकदा पॉमेरेनियन नसतातच, ती इंडियन स्पिट्झ असतात. अण्णांच्या मंडळींनी तिला आणलं, नाव ठेवलं, आणि २०२० मध्ये त्या गेल्या. मग अण्णा आणि बुंदी असे दोघेच राहिले. मुलगी बेंगळुरूला नोकरीला.

आता माझी बाजू सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्यात शाफई मजहब चालतो. इस्लामी धर्मशास्त्राच्या चार प्रमुख परंपरा आहेत आणि कुत्र्याच्या बाबतीत त्या चौघींचं एकमत नाही. मालिकी परंपरेत कुत्रं अपवित्र मानत नाहीत. हनफी त्याची लाळ अपवित्र मानतात. आमची शाफई परंपरा कडक. कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातल्या एका वेळेला मातीनं. शिकारीला, राखणीला, गुराढोरांसाठी कुत्रं पाळायला मोकळीक आहे. पण हौसेखातर घरात ठेवणं नाही. त्यामुळे पन्नास वर्षांत मी एकाही कुत्र्याला हात लावला नव्हता. बुंदी जिन्यात दिसली की मी भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि अण्णा हसत तिची साखळी आखडून धरायचे. त्यात कुणालाच काही गैर वाटत नसे. शेजाऱ्याची शेंडी आणि शेजाऱ्याची टोपी जशी सांभाळून घ्यायची, तशी ही एक गोष्ट.

२०२३ च्या पावसाळ्यात अण्णा झोपेतच गेले.

मुलगी पहिल्या विमानानं आली. ती सात महिन्यांची गर्भार होती. डॉक्टरांचं पत्र घेऊन कशीबशी आली, वडिलांना अग्नी दिला, आणि तिसऱ्या दिवशी तिला परत जावं लागलं. नवरा कामानिमित्त परदेशात. जाताना आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, बुंदीला न्यायला मला आता येता येणार नाही. आणि आज बरोबर नेताही येत नाही. बाबांच्या आजारपणात तिची रेबीजची लस राहून गेली आहे. नवी लस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, तोवर विमानात घेत नाहीत." मग ती काही बोलली नाही. बुंदी अण्णांच्या बंद दाराशी बसली होती.

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. आमच्या घरात अम्मा आहे. वय ब्याऐंशी. पाच वेळची नमाज, आणि मुसल्ला घालायची तिची जागा पुढच्या खोलीतच. तिच्यासमोर कुत्र्याचा विषय काढायची माझी हिंमत नव्हती. पण ती सगळं ऐकत होती. आतून तिचा आवाज आला, "अण्णांची अमानत आहे. नाही कशी म्हणशील?"

अमानत या शब्दाला आमच्याकडे फार वजन आहे. कुणी विश्वासानं आपल्याकडे ठेवलेली वस्तू. ती वापरायची नाही, हरवायची नाही, आणि धन्याच्या हाती जशीच्या तशी पोचवायची. मी आमच्या ओळखीच्या एका जाणत्या मौलानांनाही विचारून आलो. त्यांनी पवित्र-अपवित्राचे नियम समजावून सांगितले, कोरड्या स्पर्शानं काही लागत नाही, ओल्यानं लागतं, हे सांगितलं. आणि हदीसमधली ती गोष्ट सांगितली, जी आम्ही सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. एक माणूस तहानेला होऊन विहिरीत उतरून पाणी पितो. वर येतो तर एक कुत्रं तहानेनं ओली माती चाटताना दिसतं. तो पुन्हा विहिरीत उतरतो, पायातल्या मोज्यात पाणी भरून आणतो आणि कुत्र्याला पाजतो. त्या एका कृत्यावर त्याची पापं माफ होतात. मौलाना म्हणाले, "पाणी पाजून झाल्यावर त्यानं मोजा धुतला असेलच की. तुम्हीही धुवा. धुण्याची सोय सांगितली आहे ती कशासाठी?"

अम्माच्या होकाराला आणखी एक कारण होतं. २६ जुलै २००५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. आमच्या चाळीत कमरेएवढं पाणी शिरलं. अण्णांची खोली उंचवट्यावर होती. त्यांनी अम्माला पाठुंगळी घेऊन आपल्या घरात नेलं. दोन रात्री ती अण्णांच्या पलंगावर झोपली आणि अण्णा जमिनीवर. खोली एकच, त्याच खोलीत देव्हारा. नमाजची वेळ झाली तशी अम्मा अवघडली. अण्णांनी खिडकीतून येऊरच्या डोंगराकडे बोट केलं आणि म्हणाले, "पश्चिम तिकडे. पढा तुम्ही, मी बाहेर थांबतो." आणि ते खरंच पावसात पागोळ्यांखाली उभे राहिले. अम्मा हे विसरलेली नव्हती.

तर बुंदी आमच्याकडे आली. मुक्काम गॅलरीत. पहिले तीन दिवस तिनं काही खाल्लं नाही. दार उघडं दिसलं की जाऊन अण्णांच्या उंबरठ्यावर पुढचे दोन्ही पाय पसरून बसायची. शुक्रवार होता. शुक्रवारी कुराणातली सूरह कहफ वाचण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. कहफ म्हणजे गुहा. जुलमाला कंटाळून गुहेत आसरा घेतलेल्या आणि तिथे शेकडो वर्षं झोपून राहिलेल्या काही तरुणांची हकिकत त्यात आहे. त्यांच्याबरोबर एक कुत्रं होतं. ते गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेलं होतं, असं वर्णन आहे. अम्मानं वाचन संपवलं, पुस्तक मिटलं, समोरच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगदी तशीच बसली आहे बघ." त्या दिवसानंतर बुंदीची भाकरी अम्माच्या देखरेखीखाली होऊ लागली.

इकडे मी प्रवासाच्या चौकशीला लागलो. प्रथम रेल्वे. उद्यान एक्सप्रेस कल्याणला थांबते, म्हणजे सोयीची. पण रेल्वेत कुत्रं न्यायचं तर दोनच मार्ग. वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाहीतर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवायचं. जवळजवळ चोवीस तासांचा प्रवास. जिचा धनी महिन्यापूर्वी गेला तिला लोखंडी पेटीत एकटी टाकायची, हे काही मनाला पटेना.

मग विमान. मला वाटत होतं, विमानात कुत्र्याला घेतच नसतील. तसं नाही. एअर इंडिया पूर्वीपासून लहान कुत्रं-मांजर प्रवाशांच्या केबिनमध्ये न्यायला परवानगी देत आली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तर मुंबईहून चेन्नईला जाताना एका श्वानप्रेमी व्यक्तीनं बिझनेस क्लासच्या सगळ्या म्हणजे बाराही जागा आरक्षित केल्या होत्या, बरोबरच्या एका छोट्या माल्टीज कुत्र्यासाठी. पेपरात बातमी होती, अडीच लाखांच्या वर खर्च आला म्हणे. नोव्हेंबर २०२२ पासून अकासा एअरनंही केबिनमध्ये प्राणी घ्यायला सुरुवात केली. सगळ्याच कंपन्या घेतात असं नाही. मी कुठल्या कंपनीनं गेलो ते सांगत नाही, कारण त्याला महत्त्व नाही, आणि नियम कंपनीगणिक वेगळे असतात, मधूनमधून बदलतातही. ज्यांना जायचं असेल त्यांनी तिकीट काढण्याआधी फोन करून विचारावं, हे उत्तम. एका विमानात एक-दोनच प्राणी घेतात, त्यामुळे जागा आधी सांगून ठेवावी लागते.

आमच्या वेळची अट होती सात किलो. कुत्रं आणि पिशवी मिळून. पिशवी मऊ, हवेशीर, खालून न गळणारी, आणि आत प्राण्याला उभं राहता येईल, वळता येईल एवढी मोठी. तरीही समोरच्या आसनाखाली मावेल एवढी लहान. बुंदीला तिच्या डॉक्टरांकडे नेऊन वजनावर उभी केली. सहा किलो चारशे. पिशवी एक किलो दोनशे. एकूण सात किलो सहाशे. सहाशे ग्रॅम जास्त. हे सहाशे ग्रॅम कुठून आले ते आम्हाला ठाऊक होतं. नाक्यावरच्या चहाबरोबर अण्णा तिला रोज ग्लुकोजची बिस्किटं द्यायचे. एक तिला, एक त्यांना.

मंडळी, एखाद्याच्या प्रेमाचं वजन काट्यावर ग्रॅममध्ये बघायची वेळ माझ्यावर आली. डॉक्टरांनी बिस्किटं बंद केली, उकडलेला भोपळा आणि गाजर सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं. आणि चालवणार कोण? मी. बाळकुम नाक्यावर मला बुंदीच्या साखळीसकट पाहून आमच्या मोहल्ल्यातले दोन-तीन ओळखीचे थबकले. एकानं विचारलंच, "काय भाई, हे काय नवीन?" मी म्हटलं, "अमानत आहे. वजन कमी करून पोचवायची आहे." तो बिचारा विचारात पडला.

डॉक्टर मोठे समजावून सांगणारे होते. मी विचारलं, झोपेची गोळी द्यावी का? ते म्हणाले, अजिबात नको. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, प्राण्याला तोल सांभाळता येत नाही. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे आपलं कळसूबाई शिखर साडेपाच हजार फुटांच्या आत. त्याहूनही उंचावर बसल्यासारखं. धडधाकट जिवाला त्याचं काही वाटत नाही, पण गुंगीतल्याला बाधू शकतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वासाचा मुळातच त्रास, म्हणून पुष्कळ कंपन्या त्यांना मालाच्या कप्प्यात घेतच नाहीत. बुंदीचं नाक लांब, तिला भीती नाही. निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या, आणि धन्याचं एखादं जुनं कापड पिशवीत ठेवा. वास ओळखीचा असला की प्राणी शांत राहतो.

मी अण्णांच्या घराची किल्ली घेतली, त्यांचा धुवायचा राहिलेला पंचा शोधून काढला. त्यांच्या टेबलावर माझ्या नव्या कवितांची बाडं पडली होती. पहिल्या चार पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. पाचव्या पानापासून कोरी. मी बाड तसंच ठेवलं आणि पंचा घेऊन बाहेर आलो.

लसीला चौतीस दिवस झाले तेव्हा आम्ही निघालो. फाईलमध्ये लसीकरणाचं पुस्तक, डॉक्टरांचं प्रवासाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र, आणि सगळं काही झालं तर जबाबदारी माझी, असा सही केलेला कागद. बुंदी पाच किलो नऊशे. पिशवी बदलून हलकी आणली, ती साडेनऊशे ग्रॅम. निघताना अम्मानं माझ्या हातात प्लॅस्टिकची एक छोटी पुडी दिली. आत माती. "तिकडे हात धुवायला लागेल. तिकडची माती कशी असेल कुणास ठाऊक." मी विचारलं, कुठून आणलीस? इमारतीच्या आवारात सगळी फरशी, माती दिसत नाही कुठे. म्हणाली, "अण्णांच्या कुंडीतली. दुसरी स्वच्छ माती कुठे आहे इथे?"

पहाटे टॅक्सीवाल्यांनी दोनदा नकार दिला. तिसरा मात्र म्हणाला, "गाँव में मेरे पास चार हैं, बैठिए."

काउंटरवर वजन झालं. सहा किलो नऊशे. मधले पन्नास ग्रॅम पंचाचे आणि अंथरलेल्या कपड्याचे. तिथल्या मुलीनं कागद तपासले आणि बुंदीच्या भाड्याची पावती दिली. ते भाडं माझ्या तिकिटापेक्षा जास्त होतं. मग आली सुरक्षा तपासणी, आणि तिथे मी ज्याचा महिनाभर विचारच केला नव्हता ते समोर आलं. पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाणार; प्राण्याला बाहेर काढून, कडेवर घेऊन आपण चौकटीतून चालत जायचं. जवान म्हणाला, "गोद में लीजिए."

श्रोतेहो, चौतीस दिवस मी साखळीनं, टॉवेलनं, काठीच्या अंतरानं निभावलं होतं. तिला उचललं नव्हतं कधी. मागे रांग. जवान वाट बघतोय. मी पिशवीची चेन उघडली आणि तिला दोन्ही हातांनी छातीशी घेतलं. ती थरथरत होती. तिचं काळीज इतकं जोरात धडधडत होतं की ते माझं की तिचं हे मला कळेना. तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली. ओलं नाक गळ्याला लागलं. त्या वेळी माझ्या मनात सात वेळा धुण्याचा विचार आला नाही, हे कबूल करतो. विचार आला तो असा की अण्णा गेल्यापासून हिला कुणी जवळ घेतलेलं नाही.

पलीकडे दुसऱ्या जवानानं माझ्या झोळीतली पुडी वर धरली. "ये क्या है?" "मिट्टी." "किसलिए?" मी म्हटलं, "हाथ धोने के लिए." त्यानं माझ्याकडे पाहिलं, बुंदीकडे पाहिलं, माझ्या दाढीकडे पाहिलं. पुडी उघडून हुंगली आणि परत दिली. म्हणाला, "जाइए चचा."

आमची जागा सगळ्यात मागे, खिडकीशी. शेजारचा तरुण पिशवीकडे बघून अंग चोरून बसला. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाला, लहानपणी कुत्रं चावलं होतं, चौदा इंजेक्शनं घेतली होती. हवाई सुंदरीनं त्याला पुढे जागा करून दिली. माझ्या मनाला त्याचं काही लागलं नाही. मी स्वतः पन्नास वर्षं भिंतीला चिकटून उभा राहिलेला माणूस. कुणाला भीती असते, कुणाला दमा, कुणाला ॲलर्जी, कुणाला धर्माची अडचण. विमान सगळ्यांचं आहे. ज्याच्याबरोबर प्राणी आहे त्यानं आधी उठून विचारावं, एवढं साधं आहे.

विमानानं धावपट्टीवर वेग घेतला तशी बुंदी रडू लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं. माना वळल्या. पिशवी उघडायची परवानगी नाही. मी वाकलो, जाळीला तोंड लावून तिला कायकाय सांगितलं. काही उपयोग नाही. मग मला अण्णांचं रोजचं वाक्य आठवलं. संध्याकाळी पाच वाजता दाराची कडी काढताना ते जे म्हणायचे ते मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मी त्यांच्याच सुरात म्हटलं, "चल बुंदे, नाक्यावर."

ती गप्प झाली. जाळीशी नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. कळसूबाईपेक्षा उंच हवेत, बाळकुम नाक्यावर जायची वाट बघत. बेंगळुरू येईपर्यंत मी ते वाक्य किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही. प्रत्येक वेळी मी तिच्याशी खोटं बोलत होतो, हेही खरं.

उड्डाणापूर्वी हवाई सुंदरीनं हातातल्या यंत्रावर टिकटिक करत माणसं मोजली होती. माझ्याशी एक टिक झाली, पिशवीशी नाही. नियमानं ते बरोबरच आहे. पण मला सूरह कहफमधली एक गंमत आठवली. गुहेतले तरुण नक्की किती होते याबद्दल लोकांमध्ये वाद होता, असं तिथे सांगितलं आहे. कुणी म्हणतं तीन, चौथं कुत्रं. कुणी म्हणतं पाच, सहावं कुत्रं. कुणी म्हणतं सात, आठवं कुत्रं. माणसांचा आकडा प्रत्येक वेळी बदलतो. कुत्र्याला वगळून मात्र कुणीच मोजत नाही. मी इतकी वर्षं ही आयत ऐकत आलो, पण हे माझ्या ध्यानात आलं ते आसनाखाली बुंदी असताना.

तसं कुत्र्याला टाकून जायचं नाही म्हणून अडून बसलेली माणसं हल्लीही भेटतात. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, आपली हजारो मुलं तिथून 'ऑपरेशन गंगा'मधून परत आणली गेली. त्यांत काही मुलं अशी होती की जी आपलं कुत्रं, आपलं मांजर सोडून विमानात चढायला तयार नव्हती. एक विद्यार्थिनी तर आपलं हस्की जातीचं पिल्लू घेऊन सीमेपर्यंत काही अंतर पायी चालत गेली. परदेशातून प्राणी आणायचा तर एरवी केवढी तरी कागदपत्रं लागतात, पण सरकारनं त्या वेळी त्या मुलांसाठी नियम तेवढ्यापुरते सैल केले. बातमी वाचली तेव्हा मी म्हणालो होतो, जीव वाचवायचा सोडून ही कसली पोरं! अण्णा तेव्हा नुसते हसले होते.

बेंगळुरूला बाहेर आलो. अण्णांची लेक कठड्याला धरून उभी होती, दिवस भरत आलेले. तिनं हाक मारली आणि पिशवी माझ्या हातात उडायला लागली. मी चेन उघडली. पुढचं मी सांगत नाही. मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो.

घरी पोचल्यावर मी न्हाणीघरात गेलो, पुडी सोडली, अर्धी माती घेतली. हात, गळा, सगळं सांगितल्याप्रमाणे धुतलं. झोळीतला दुसरा सदरा घातला, आणि पश्चिम कुठे ते तिला विचारून नमाज पढलो. ती बुंदीला घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली होती. न सांगता. अण्णांचीच मुलगी.

नंतर तिनं पुडी पाहिली. "काका, ही कसली माती?" मी सांगितलं. अम्मानं का दिली तेही सांगितलं. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, तिच्या लाडक्या कुत्र्याच्या स्पर्शानंतर हात धुवायची माती. तिनं पुडी हातात घेतली. म्हणाली, "बाबांच्या कुंडीतली ना? उरलेली ठेवू का मी?"

मी म्हटलं, ठेव. ती तुझीच आहे.

परतीच्या विमानात माझ्या पायाशी काही नव्हतं. पाय लांब करायला भरपूर जागा होती. धावपट्टीवर विमानानं वेग घेतला तसं माझ्या तोंडून सवयीनं वाक्य निघालं, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही म्हणालात का?" मी नाही म्हटलं.

त्या माझ्या कवितांच्या बाडाची उरलेली पानं अजून तपासायची आहेत. पाचव्या पानापासून. वेलांट्या जिथे उलट्या पडल्या असतील तिथे त्या तशाच आहेत.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)